हिरवंच दिलंत

ती रोपं तिरकी होती, म्हणून मला कळलं. सरळ असती तर मी दोन शब्द कौतुकाचे बोलून पुढं गेले असते.

एका नव्या हॉटेलच्या अंगणातल्या मोठ्या कुंड्या भरायचं काम आमच्या नर्सरीला मिळालं होतं. टेम्पोतून माती उतरवून घेता घेता माझं लक्ष दाराकडं गेलं. दाराच्या दोन्ही अंगांना मोरपंखीची रांग, आणि तिच्या हिरव्या पंख्यांवर मध्येच पांढरट पिवळे शिंतोडे, चुना लावणाऱ्यानं कुंचला झटकावा तसे. अशी मोरपंखी आमच्या पंचक्रोशीत एकच होती आणि ती माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात होती.

तरी मी मनाची समजूत घातली. असा डाग कुठल्याही झाडावर उठू शकतो, निसर्गानं काय माझ्याशी करार केलाय? मग मी जवळ गेले आणि बघितलं तर सगळीच्या सगळी रोपं एका अंगाला कललेली. काठ्या रोवून सुतळीनं ओढून धरली होती, तरी माना वाकड्याच.

मोरपंखीसारख्या झाडांची ही खोड आहे. शेंड्याची काडी लावली तर रोप सरळ वर जातं. बाजूच्या फांदीची लावली तर ती कितीतरी वर्षं फांदीच राहते, आडवी वाढायला बघते. मुळं फुटली, स्वतःची कुंडी मिळाली, कुणी दारात मानानं उभं केलं, तरी आता आपण खोड व्हायचंय हे तिच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून मी आयुष्यभर शेंड्याकडच्याच काड्या घेत आले. खालच्या, बाजूच्या काड्या कोण घेईल? ज्याला वरून काही तोडलंय हे दिसू द्यायचं नाही, तो घेईल.

"कुणाकडून घेतली ही?" मी हॉटेलच्या माणसाला विचारलं.

"टोपीवाल्याकडून. नवीन जात आहे म्हणाला. छान आहे ना?"

"फारच," मी म्हणाले.

टोपीवाला म्हणजे हमरस्त्यावरच्या मोठ्या नर्सरीचा मालक. छपराखालीसुद्धा टोपी काढत नाही. माझ्या मोरपंखीवर त्याचा डोळा कधीपासूनचा. येऊन चहा प्यायचा, झाडाकडं न बघता झाडाच्या गोष्टी करायचा, आणि मी त्याला दर वेळी रिकाम्या हातानं परत पाठवायचे. त्यानं कुंपणावरून उडी मारून काड्या नेल्या असतील असं क्षणभर मला वाटलं, खरं सांगायचं तर तसंच झालं असावं अशी आशाही वाटली. परक्यानं चोरी केली की माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. पण झाडाच्या खालच्या अंगापर्यंत पोचायला आमच्या घरातून जावं लागतं. घरात स्वयंपाकघरं दोन. एक माझं आणि एक धाकटीचं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही गुणी, फक्त घरात काडीचं काम करत नाहीत एवढंच. नर्सरी आम्ही दोघींनी उभी केली. ती लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या बायकांनी बोटं मोडत वाट पाहिली होती, जावाजावा उभा दावा म्हणतात ना! त्यांची पार निराशा झाली. मी रोपं करायची, तिनं विकायची. मला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही, तिच्या हाताला काडी लागत नाही. इतकी सोयीची जोडी नवराबायकोतसुद्धा सापडत नाही. ती मला जाऊबाई म्हणते, अहोजाहो करते. मी तिला धाकटे म्हणते. माझ्या पाठची बहीण असती तर मी तिच्यावर याहून जास्त माया केली नसती.

मोरपंखीवरचा तो पहिला डाग दाखवला तोही तिलाच. कुंपणासाठी लावलेल्या साध्या रोपांच्या वाफ्यात एकाच्या अंगावर नखाएवढा पांढरा पंखा फुटला होता. मला आधी वाटलं कुत्र्यानं पाय वर केला असेल. पण पंखा वाळला नाही, वाढला. मग मी ते रोप वेगळं काढून मागच्या दारी लावलं, आणि पुढं धाकटीचं स्वयंपाकघर वेगळं झालं तेव्हा ते दोघींच्या दारांच्या मधे आलं. माझ्या दारातून त्याची पुढची बाजू दिसायची, तिच्या दारातून मागची. किती वर्षं मी त्याचा अभ्यास केला म्हणून सांगू! आणि जे कळलं ते धाकटीला चहा पिता पिता सांगत गेले. ती हसायची, म्हणायची, "जाऊबाई, झाडाची पत्रिका मांडताय का?"

त्या झाडाचं असं आहे. वाढत्या शेंड्याच्या टोकाला एक कातडी असते आणि आत गर असतो. आमच्या झाडाची कातडी बिनरंगी आणि गर हिरवा. कातडी इतकी पातळ की आतलं हिरवंच बाहेर दिसतं, म्हणून फांदी दिसायला साधी हिरवी. पण कधीतरी कातडीतला एखादा कण आत घसरतो आणि गरात बिऱ्हाड करतो. तिथून पुढं जे जे फुटेल ते पांढरं. इतर झाडांत कातडी आपली जागा सोडत नाही, म्हणून त्यांच्या पानांना कशी शिस्तीत पांढरी किनार येते. मोरपंखीची कातडी सैल. शिंतोडा कधी उठेल आणि कुठं उठेल, काही नेम नाही. उलटही होतं. आतला हिरवा कण बाहेर येतो, तोच कातडी होऊन बसतो, आणि ती फांदी मूळपदावर येते, कायमची हिरवी. अशी फांदी अंगानं दांडगी असते. वेळीच बुडातून काढली नाही तर सगळं झाड खाऊन टाकते.

आता खरी गोम. सगळ्यात देखणी फांदी पूर्ण पांढरी असते, पण तिला स्वतःचं अन्न करता येत नाही. हिरव्या शेजारणीच्या जिवावर तिचा थाट. तोडून लावली तर मूळ धरायच्या आत उपाशी मरते. जास्त पांढरी, थोडी हिरवी अशी लावली तर दोनतीन वर्षं मिरवते, मग एक तर करपते नाही तर हिरवी होऊन जाते. पुढं चालवायची ती काडी दिसायला साधी हिरवी, पण बिनरंगी कातडीची. आणि ती नुसत्या हिरव्या काडीच्या शेजारी ठेवली तर ब्रह्मदेवालाही फरक सांगता येणार नाही. वाट बघायची, एवढाच उपाय. मी वाट बघत होते. झाड पक्कं झालं, काड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तसंच उतरायला लागलं की दोघींच्या नावानं बाहेर काढायचं, तोवर एक काडीही बाहेर द्यायची नाही, असं आमचं ठरलं होतं. आयुष्यात माझ्या नावावर दुसरं काही नाही. एवढं एक झाड मागं राहावं, इतकीच इच्छा होती.

हॉटेलवरून घरी आले, हात धुतले, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा झाडाला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. ती धाकटीची बाजू. तिची म्हणून मी तिकडं कधी डोकावले नव्हते. पाणी ती घालायची, पालापाचोळा ती काढायची. कुणाच्या दारात उगाच काय बघायचं?

मागून झाड जवळजवळ उघडं होतं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत जिथं जिथं शिंतोडे असतील त्या सगळ्या फांद्या काढलेल्या. काही जखमा जुन्या, वाळून काळ्या पडलेल्या, काही ताज्या, चिकाचा थेंब अजून ओला. आणि जे सोडलं होतं ते नेमकं तिला न आवडलेलं, दांडगं हिरवं. त्यातली एक फांदी मनगटाएवढी होऊन आतून थेट शेंड्यापर्यंत पोचली होती. गेलं वर्षभर शेंड्यावरचे शिंतोडे का कमी झाले म्हणून मी खत बदललं, माती बदलली, माझ्या हाताची किमया गेली म्हणून एकटीच रडलेही होते. आणि धाकटीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

ती स्वयंपाकघरात ओट्यावरून फडकं फिरवत होती.

"टोपीवाल्याला कधीपासून देतेस?" मी विचारलं.

फडकं थांबलं. तिनं नाकारलं नाही, तेवढं मानायला हवं. "बसा ना, जाऊबाई."

"बसायला आले नाही."

"मग उभ्यानं ऐका. किती वर्षं थांबायचं होतं? दर वेळी तुमचं एकच, अजून पक्कं नाही, अजून पक्कं नाही. पक्कं होईस्तोवर आपण दोघी पिकलं पान झालो असतो. त्यानं निदान लोकांना दाखवलं तरी."

"मला विचारायचंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"असते म्हणाले! म्हणून केसानं गळा कापायचा?"

तिचा चेहरा लाल झाला. "गळा कुणी कापला? तुम्ही मला काय दिलंत ते आठवा. माझं स्वयंपाकघर वेगळं झालं तेव्हा कुंडी आणून दिलीत दारात ठेवायला. मला वाटलं, आता जाऊबाई आपल्या झाडाचं रोप देताहेत. आणि काय दिलंत? हिरवं! कुंपणाला लावतात तसलं. मी म्हणाले, हिरवंच? तर तुम्ही हसलात. थांब, दिसेल, म्हणालात. मी थांबले. रोज सकाळी दार उघडून आधी ते रोप बघायचे, वेड्यासारखी. एक ठिपका आला नाही. तेव्हा कळलं मला, आपली पायरी कुठली ते. चांगलं ते तुमच्या बाजूला, आणि धाकटीला हिरवं."

ते रोप मी सगळ्या झाडातून निवडून केलं होतं. शेंड्याजवळच्या दोन शिंतोड्यांच्या मधली काडी, माझ्या मते सगळ्यात खरी. मोठ्या झाडाला काही झालंच तर वंश राहावा म्हणून मी ती माझ्या दारात न ठेवता तिच्या दारात ठेवली, माझ्यापेक्षा ती जास्त जपेल म्हणून. आणि एका सकाळी आपसूक पांढरा पंखा बघून ती धावत येईल, तिचं ते तोंड बघायचं म्हणून बोलले नव्हते. एवढी थट्टाही करू नये का घरच्या माणसाशी? बिनरंगी कातडीची गोष्ट तिनं माझ्याकडून शंभरदा ऐकली होती. शंभरदा हसली होती. ऐकली एकदाही नव्हती.

मी तिला हे सगळं सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. तिचा रंग उतरत गेला.

"कुठं आहे ते रोप?" मी विचारलं.

तिच्या दारातल्या कुंडीत कोरफड होती. मी येता-जाता ती बघत होते की! रोप उन्हाला हलवलं असेल, तिचं ती बघेल, असं समजून विचारलं नव्हतं.

"वाचनालयाचं कुंपण केलं ना आपण," ती खाली बघत म्हणाली. "त्यात एक रोप कमी पडलं. ते लावून टाकलं."

कुंपणच शेत खातं म्हणतात. आमच्याकडं कुंपणानं शेत अक्षरशः खाल्लं. दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "झाडच आहे ना? दुसरं लाव." तिच्या नवऱ्याला सांगायचं नाही असं मी ठरवलं, आपलेच दात आणि आपलेच ओठ. नर्सरी चालू राहिली. आम्ही बोलत राहिलो, पण फक्त पिशव्या, माती आणि फवारा. चहा मी माझ्या ओट्याशी उभ्यानं प्यायला लागले. ती संध्याकाळी दोन कप भरायची आणि एक तसाच ओतून टाकायची, मला मोरीतून आवाज यायचा. मी गेले नाही. जावंसं वाटलंच नाही.

मोठं झाड वाचवायचा मी जंगजंग प्रयत्न केला. ती दांडगी फांदी बुडातून कापली, तर शेंड्याचा अर्धा भाग तिच्यावरच जगत होता असं निघालं. पांढरे पंखे आधी वाळले. मग उरलेल्यातून जे फुटलं ते हिरवं, नुसतं हिरवं. टोपीवाल्याचीही तीच गत. त्याच्या देखण्या काड्यांनी दोन उन्हाळे मिरवून घेतलं, मग काही करपल्या, काही हिरव्या झाल्या, आणि गिऱ्हाइकं त्याच्या दारात उभी राहिली. त्यानं येऊन धाकटीला अंगणात उभं करून सुनावलं, फसवा माल दिलात म्हणून. मी खिडकीतून ऐकत होते. मला आनंद व्हायला हवा होता. ती एकटीच मान खाली घालून उभी होती आणि माझा पाय दाराकडं वळलाही, पण मी तो मागं घेतला.

मग राहिलं वाचनालय. मी आयुष्यात कधी वाचनालयाची पायरी चढले नव्हते, आता सभासद झाले. पुस्तक घ्यायचं, न वाचता बदलायचं, आणि जाता-येता कुंपणाच्या कडेकडेनं चालायचं. सगळी रोपं एकमेकांत मिसळलेली, वरून कात्रीनं सपाट केलेली, हिरवीगार भिंत. त्यातली एक मोरपंखी माझी. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. ग्रंथपालबाईंना मी भारीच वाचनवेडी वाटले.

एकदा तिथला माळी छाटणी करत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "या कुंपणात कधी पांढरी फूट दिसली का हो?"

"येते की," तो म्हणाला. "नळाच्या आसपास. रोग असणार काहीतरी. दिसली की लगेच काढतो. पसरायला नको."

तो पुढं सरकला तशी मी नळाशी बसले आणि कुंपणात खांद्यापर्यंत हात घातला. आत, खोडाजवळ, जिथं त्याची कात्री पोचत नव्हती, तिथं एक पंखा सापडला. करंगळीच्या नखाएवढा. पांढरा.

म्हणजे मी बरोबर होते. इतकी वर्षं मी बरोबर होते. कुंपणाशी बसून मी मोठ्यानं रडले, आणि माळ्याला वाटलं काटाबिटा लागला.

तो पांढरा पंखा मी तसाच राहू दिला. त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या साध्या हिरव्या फुटींतून, जेवढ्या वर सरळ जात होत्या तेवढ्या निवडल्या, जुन्या लाकडाची चिमूटभर साल सोबत येईल अशा ओढून काढल्या आणि ओल्या रुमालात गुंडाळल्या.

घरी आले तेव्हा धाकटी अंगणातच होती, कोरफडीला पाणी घालत. मी रुमाल सोडून काड्या माझ्या दाराबाहेरच्या ओट्यावर मांडल्या. ती जवळ आली. कितीतरी महिन्यांनी अशी आपण होऊन जवळ आली. काड्यांकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, मला स्पष्ट दिसत होती.

"वाचनालयातून आणल्यात?" तिनं हळूच विचारलं. "सापडलं का, जाऊबाई?"

मी काडीची खालची पानं खुडत राहिले.

"की हिरवंच आहे?"

थांब, दिसेल, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मागच्या वेळी याच शब्दांवर मी किती हसले होते.

"हिरवंच आहे," मी म्हणाले, आणि काड्या घेऊन माझ्या बाजूचं दार लावून घेतलं.